काठाची पिवळी ओळ

लुंबान हारिआरा, सामोसिर
५ फेब्रुवारी २०१७, रविवार

प्रिय तिआर्मा,

"उद्या माझं नाव वाचतील तेव्हा मान खाली घालू नकोस, अक्कांग." शनिवारची संध्याकाळ होती. आपण दोघी बहिणी मागच्या अंगणात कसाव्याची पानं कुटत होतो आणि तू मुसळ न थांबवता हे म्हणालीस. मी विचारलं, "का गं?" तर म्हणालीस, "मला बघायला एक तरी तोंड हवं." मग इनांगने येऊन आपल्या दोघी लेकींना झापलं, पानांचा पार चिखल केलात म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला.

बावीस वर्षांपूर्वीचं हे बोलणं गेल्या रविवारी मला फार मोठ्याने ऐकू आलं, म्हणून लिहायला बसले. फोन तू उचलत नाहीस. बाताममधला तुझा पत्ता रोसने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तुझी शेजारीण म्हणून तिने तीन वेळा नाही म्हटलं, चौथ्या वेळी मी रडले.

आमांगना आता दिसत नाही. उजेड कुठून येतो तेवढं कळतं. बाप आपला चौऱ्याऐंशीचा झाला. सकाळी खुर्ची तळ्याकडे तोंड करून लावावी लागते, आणि मी चुकून डोंगराकडे लावली तर लगेच ओळखतात: "वारा गालावर येत नाही, फिरव." डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पावसाळ्यापर्यंत टिकले तर खूप. जेवण उत्तम आहे. परवा मसाल्यातला मासा संपवून म्हणाले, "तिखट कमी. तिआर्मा असती तर डोळ्यांत पाणी आणलं असतं."

तुझं नाव त्यांनी बावीस वर्षांत दोनदा घेतलं. एकदा इनांग गेली तेव्हा, आणि परवा.

तुला हसू येईल, पण आमांगसारखी मीही आता मंडळीची 'वडील' आहे, चर्चच्या पंचांतली एक. सहा वर्षं झाली. आमांगचाच काळा झगा चार बोटं आखूड करून घालते. महिन्यातून एकदा पापकबुलीची प्रार्थना म्हणायची आणि नंतर क्षमेचं वचन ऐकवायची पाळी माझी असते. गेल्या रविवारी सूचनांची पाळी होती. कागद हातात आला तर त्यात हेर्लिनाचं नाव. चर्चमध्ये लग्न न लावता ती एका माणसाबरोबर राहते, म्हणून तिला मंडळीबाहेर ठेवण्यात येत आहे. गायनाच्या सरावाची सूचना, मग हेर्लिना, मग पाण्याच्या टाकीसाठी श्रमदान. मी वाचलं. आवाज कापला नाही. हेर्लिना चौथ्या बाकावर बसून माझ्याकडे सरळ बघत होती.

असो. मुद्द्याचं लिहिते. आमांगना डोळे मिटण्याआधी तू मंडळीत परत आलेली हवी आहेस. नियम तुला ठाऊक आहे. जिथे नाव वाचलं त्याच मंडळीपुढे उभं राहून कबुली द्यायची, पाळक क्षमेचे शब्द बोलतात, आणि मिटतं. दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. नव्या पाळकबाई तरुण आहेत, खोदून विचारणार नाहीत. दातूकडे, मांत्रिकाकडे गेले होते, चुकले, एवढंच म्हणायचं. मग उत्तम शुक्रवारी आपण दोघी आमांगच्या दोन बाजूंना बसून प्रभुभोजन घेऊ. बावीस वर्षं तू त्या भाकरीवाचून राहिलीस याचं त्यांना फार लागतं.

त्या शालीचं वगैरे कसं काय झालं ते देव जाणे. जुनं झालं. मागणाऱ्याला देव रिकाम्या हाताने पाठवत नाही, तिआर्मा. ये.

तुझी अक्कांग,
रुमोंदांग


२६ फेब्रुवारी, रविवार

तिआर्मा,

माझंच पत्र परत आलं. पाकीट नवं, आत माझाच कागद, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तुझ्या अक्षरात एक ओळ: "कशाची कबुली देऊ ते तूच लिहून पाठव."

मी ते घेऊन डुकरांच्या गोठ्यामागे गेले. तिथे कुणी येत नाही. चुलीवर त्यांचं खाणं शिजत होतं. दोनदा वाटलं, कागद चुलीत टाकावा. टाकला नाही. आठ दिवस झग्याच्या खिशात ठेवला. आज तोच झगा घालून मी लोकांकडून पापकबुली म्हणवून घेतली आणि त्यांना सांगितलं, जो मनापासून पश्चात्ताप करतो त्याला क्षमा आहे. लोक खाली बसले. मी उभीच. कागद मांडीला लागत होता.

लिहून पाठवते. हे घे.

दातूकडे मी गेले होते.

शब्द पाचसुद्धा नाहीत. बावीस वर्षं लागली.

१९९५चा जुलै. माझं दुसरं पोर पडून दोन महिने झाले होते. सासूबाई माझ्यासमोर शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या घरात भात शिजतो, पण पाळणा हलत नाही. पोराचं वय निघून चाललंय, दुसरीचा विचार करावा लागेल." तू तेव्हा मला खूप हसवायचीस. म्हणायचीस, "तुझ्या सासूलाच पाळण्यात बसव आणि हलव." मी हसायचे आणि घरी गेले की पोटावर हात ठेवून बसायचे. तीन वर्षं प्रार्थना केली. आमांगनी केली, पाळकांनी घरी येऊन केली. मग मला वाटायला लागलं की देव ऐकतोय, आणि ऐकूनच नाही म्हणतोय.

झऱ्याच्या वरच्या अंगाला तो म्हातारा राहायचा. दातू म्हटलं की आमांग थुंकायचे. आजोबांनी दातूपणाची पोथी जाळून बाप्तिस्मा घेतलेलं घर आपलं. त्या घरातली मी पांढरी कोंबडी आणि खरबरीत सालीची तीन लिंबं टोपलीत घालून पहाटे झऱ्यावर गेले. म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर लिंबाचं पाणी ओतलं, पूर्वजांची नावं घेतली, आणि ती नावं माझ्याकडूनही म्हणवून घेतली. मी म्हटली. येशूचं नाव घेताना कधी केली नव्हती इतक्या मनापासून केली मी ती प्रार्थना. पुढच्या वर्षी पोस्मा झाली.

ओळखू नये म्हणून मी डोक्यावरून शाल घेतली होती. माझी घेतली नाही. तुझी घेतली. मी माहेरी आले होते त्या दिवशी, दाराशी खुंटीला टांगलेली होती. इनांगने विणलेली लाल शाल, काठाशी लाल धागा संपला म्हणून तिने एक ओळ पिवळी काढलेली. गावात तशी दुसरी नव्हती. मी विचार केला नाही असं गेली बावीस वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगू? थोडा केला होता. शेतातून कुणी पाहिलंच तर निदान लगेच माझं नाव यायला नको, एवढा केला होता. तुझं येईल असा पुढचा विचार मात्र मी केला नाही. करायचा नव्हता.

कांद्याच्या वाफ्यातून तागोरच्या आजीने पाहिलं. पाठच पाहिली. पुढचं तुला माहीत आहे. लग्नाची मुलगी दातूकडे गेली म्हणजे वशीकरणासाठी गेली, असंच सगळ्यांनी धरलं. तुझं ज्याच्याशी ठरलं होतं त्या पार्लिनच्या घरचे म्हणाले, मंत्र घालून गळ्यात पडलेली सून आम्हाला नको. मास्तर असूनही पार्लिन एक शब्द बोलला नाही.

मंडळीच्या वडिलांच्या सभेत तू गेलीस. मी बाहेर ओट्यावर होते. आतलं सगळं ऐकू येत होतं. "शाल तुझी?" तू म्हणालीस, "माझी." "झऱ्यावर गेली होतीस?" तू काहीच बोलली नाहीस. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. त्यांनी गप्प राहणं म्हणजे हो असं लिहून घेतलं. दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं.

आणि रविवारी आमांगनी कागद घेतला. पाळक म्हणाले होते, दुसऱ्या कुणाला वाचू दे. आमांग म्हणाले, "माझ्या घरातलं आहे, मीच वाचणार." तुझं पूर्ण नाव, त्यांनीच ठेवलेलं. तू दुसऱ्या बाकावर होतीस आणि वळून माझ्याकडे बघत होतीस. मी माझ्या चपलांकडे बघत होते. डाव्या चपलेचा पट्टा तुटायला आला होता. तो पट्टा मला अजून दिसतो.

मागच्या पत्रात मी तुला, जे तू केलंच नाहीस ते कबूल करायला सांगितलं. मंडळीत परत यायचं तर तुला खोटं बोलायला लागलं असतं, आणि खोटं बोलायचं नाही म्हणून तू बाहेर राहिलीस, हे मला कळत होतं. तरी मी लिहिलं. ते पत्र मी फाडून टाकते. हे ठेव.

रुमोंदांग


१२ मार्च, रविवार

तिआर्मा,

रोस आली. पाय धुवायच्या आधी म्हणाली, "तुझ्यासाठी निरोप आहे, पण मी तो जसाच्या तसा सांगणार, मध्ये गोड घालणार नाही." मी म्हटलं, सांग. तिने तुझाच आवाज काढला, थोडं नाकात: "तिला सांग, मला तेव्हाच माहीत होतं. खुंटीवर शाल परत आली तेव्हा तिला लिंबाचा वास होता. सभेत मी वाट पाहिली. मग बाकावर पाहिली. मग बोट सुटेपर्यंत धक्क्यावर पाहिली. आता कशाचीच पाहत नाही."

मी इतकी वर्षं एका गोष्टीवर तग धरून होते. ती म्हणजे, तुला माहीत नाही. तुला वाटत असेल कुणीतरी शाल चोरली, गावाने आळ घेतला. तुझा राग गावावर आहे असं धरून मी तुला दर नाताळला रोसच्या हाती पाकीट पाठवत होते, वाळवलेली मिरी, भाजलेले शेंगदाणे. तू ते रोसलाच देऊन टाकायचीस म्हणे.

तू गप्प राहिलीस ते माझ्यासाठी. दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं आणि तू ते माझ्यासाठी उघडं ठेवलं होतंस.

नवऱ्याला, पोस्माच्या बाबांना सांगितलं. ते बोटीच्या इंजिनाला ग्रीस लावत होते. बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "परवा डुकराचं औषध आणायचं विसरलो तर तीन दिवस बोलत होतीस. आणि स्वतः हे बावीस वर्षं गिळून बसलीस?" मी म्हटलं, "रागवा." म्हणाले, "रागावलोय. फेरीची वेळ झाली, नाहीतर आणखी रागावलो असतो." संध्याकाळी आले ते बोलले नाहीत. जेवले, ताट धुऊन ठेवलं. स्वतःचं ताट ते कधी धूत नाहीत. माझ्या हाताला हात लागायला नको म्हणून धुतलं असेल, असं मला वाटलं आणि मी रात्रभर त्यावरच विचार केला. सकाळी म्हणाले, "माझ्या आईच्या तोंडापायी झालं हे. तेव्हा मी तिला गप्प बसवायला हवं होतं." मग बोटीवर गेले.

पाळकबाईंकडे गेले. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं आणि शेवटी एक असं सांगितलं जे तुलाही लिहायला धजत नव्हते. ते असं, की मला दातूकडे गेल्याचा पश्चात्ताप करता येत नाही. गुडघ्यावर बसते, म्हणते, देवा, मी चुकले. आणि लगेच पोस्माचे तळवे आठवतात, जन्मल्या दिवशीचे, सुरकुतलेले. झऱ्यावर गेले नसते तर ती नसती, असं वाटतं. मग मी कशाबद्दल रडू? चूक केली म्हणून रडू, की त्या चुकीने मला जे दिलं ते अजून घट्ट धरून बसले आहे म्हणून? पोस्माच्या दर वाढदिवसाला मला दोन गोष्टींची भीती वाटते. एक, ही देवाची नसेल. दुसरी, देव ती परत घेईल.

 बाई म्हणाल्या, "अहो, तो म्हातारा सगळ्यांनाच लिंबाचं पाणी ओतायचा. माझ्या मावशीलाही ओतलं होतं. तिला झालं नाही. पाणी त्याने दिलं असेल, पोर द्यायची त्याची ताकद नव्हती."

"मग देवाने पापाचं फळ म्हणून दिली?"

"पाप केल्यावरही दिली," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला सोडून दुसऱ्याच्या दारात गेलात, आणि त्याने तरीही तुमची ओटी भरली. क्षमा आणखी कशी दिसते असं तुम्हाला वाटलं होतं?"

मी रडले. नाक पुसून विचारलं, "म्हणजे देवाने क्षमा केली?"

"झऱ्याची कधीच केली असेल. पण तुम्ही झऱ्यावरच बसून राहिलात. ओट्यावर या ना. दारापासून तीन पावलांवर. ते पाप तुम्ही मला सांगताना एका वाक्यात उरकलंत."

खरं होतं. दातूचं पाप मी बावीस वर्षं पुन्हा पुन्हा काढून बघत होते, कारण ते माझ्यात आणि देवात होतं आणि देव मऊ आहे. ओट्यावरच्या पापात तू आहेस.

मी विचारलं, आता उरलं काय? त्या म्हणाल्या, "देवाचं त्याने दिलं. तुमच्या बहिणीचं तिच्याकडे आहे. ते ती देईल किंवा देणार नाही. तिच्यावर जबरदस्ती करायला देवाचं नाव वापरू नका."

म्हणून मी ते वापरत नाही. पहिल्या पत्रात वापरलं होतं.

रुमोंदांग


१९ मार्च, रविवार

तिआर्मा,

पोस्मा मेदानहून दोन दिवसांसाठी आली होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. तांदूळ निवडत होतो, तेव्हाच सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला तू दर वर्षी चर्चमध्ये रडायचीस. मला वाटायचं, आनंदाने." मग म्हणाली, "तिआर्मा मावशीला मी एकदाच पाहिलंय ना? आजी गेली तेव्हा. ती दारात उभी होती. मी तुला विचारलं, ती आत का येत नाही, आणि तू म्हणालीस, तिला बाहेर वारा बरा वाटतो."

तेव्हा पोस्मा पाच वर्षांची होती. तिने हे धरून ठेवलं आहे हे मला माहीत नव्हतं. इनांगच्या पेटीवर फुलं ठेवायला सगळे ओळीने गेले आणि तू दाराच्या चौकटीला हात लावून उभी. तिच्या पोटची, आणि मंडळीबाहेरची म्हणून उंबऱ्याच्या आत नाही. मी पहिल्या बाकावर. इनांगला मी तिच्या शेवटच्या दिवसांतही सांगितलं नाही. ती विचारायची, "तिने असं का केलं असेल गं?" आणि मी तिचे पाय चेपत राहायचे.

जाताना पोस्माने माझा हात धरला नाही. बोटीत चढली, मग परत उतरली आणि म्हणाली, "माझ्यासाठी कुणाला बाहेर उभं राहायला लागलं असेल, तर मला सांगायला हवं होतं, आई. मी मोठी झाले ना कधीची." आणि पुन्हा चढली.

मग आमांग. त्यांना शेवटी ठेवलं, कारण त्यांची भीती सगळ्यांत जास्त. खुर्ची तळ्याकडे लावली, खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगितलं. सगळं सांगून झालं तरी ते बोलेनात. मला वाटलं, झोप लागली. हलवलं तर म्हणाले, "ऐकलं. बहिरा नाही झालो."

मग म्हणाले, "रुमोंदांग, मी त्या दिवशी वर पाहिलंच नाही. कागदाकडे पाहून वाचलं. घरी आल्यावर लोक हात मिळवायला आले. म्हणाले, असा वडील पाहिला नाही, स्वतःच्या पोरीलाही सोडलं नाही. आणि मला बरं वाटलं. त्या दुपारी मी पोटभर जेवलो. तुझी आई जेवली नाही, मी दुसऱ्यांदा भात घेतला."

मी म्हटलं, "आमांग, तुम्हाला काय माहीत होतं?"

"पोरीला विचारलं असतं तर माहीत झालं असतं. सभेत विचारलं, घरी नाही विचारलं. मंडळीचा वडील म्हणून विचारलं, बाप म्हणून नाही. एवढ्या वर्षांत देवाकडे तिच्या पापाची क्षमा मागितली मी, रोज. माझ्या त्या भाताची कधी मागितली नाही." नंतर हात पुढे करून माझं डोकं चाचपलं. मला वाटलं, आशीर्वाद देतात. त्यांनी दोन बोटांनी कपाळावर टिचकी मारली, लहानपणी पाढे चुकले की मारायचे तशी. जोरात. अजून दुखते आहे, आणि बरं वाटतं आहे.

रुमोंदांग


२६ मार्च, रविवार

प्रिय तिआर्मा,

हे शेवटचं. रोस उद्या निघते, तिच्याच हाती देते. ईस्टरसाठी ती सहा तारखेला इकडे परत यायला निघणार आहे.

काल मंडळीच्या वडिलांची सभा झाली. मी झगा घडी करून टेबलावर ठेवला. तागोरचे बाबा म्हणाले, "इतक्या जुन्या गोष्टीचं काय करायचं? आपसात मिटवा, मंडळीची शोभा होईल." दुसरे म्हणाले, "तागोरची आजी वारली, पार्लिनची पोरं मोठी झाली, कुणाला पडलंय?" पाळकबाई म्हणाल्या, "नाव चारशे लोकांपुढे वाचलं होतं. ते स्वयंपाकघरात कसं मिटवणार?" 

ठरलं ते असं. ९ एप्रिलला, उत्तम शुक्रवारच्या आधीच्या रविवारी, सूचनांच्या वेळी माझं नाव वाचलं जाईल. मी पुढे उभी राहून कबुली देईन, ओट्यावरचं पाप आधी, झऱ्याचं नंतर. प्रभुभोजनापासून मला किती दिवस दूर ठेवायचं ते सभा ठरवेल. मी म्हटलं, बावीस वर्षं ठेवा. पाळकबाई रागावल्या. म्हणाल्या, "शिक्षेचा हिशेब बरोबर केला की क्षमेची गरज उरत नाही, असं वाटतं तुम्हाला. हाही गर्वच आहे."  त्यांचं बरोबर असेल. तरी त्या भाकरीकडे हात जाईल असं मला अजून वाटत नाही.

त्यानंतर तुझं नाव वाचलं जाईल. तिआर्मा सिहालोहो हिच्यावर ठेवलेला दोष खरा नव्हता, मंडळी तिची क्षमा मागते. हे आमांग वाचणार. दिसत नाही, तर कागद कशाला हवा, म्हणतात. दोन ओळी पाठ करताहेत. सकाळी खुर्चीत बसून मोठ्याने म्हणतात. तुझं नाव आलं की थांबतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पाण्यावर कपडे धुणाऱ्या बायकांनाही आता पाठ झालं आहे. हेर्लिनाही त्यात असते. काल तिने मला विचारलं, "म्हणजे वाचलेलं नाव परत वाचता येतं?" मी म्हटलं, येतं असं दिसतंय.

तू ये, असं मी लिहिणार नाही. धक्क्यावर तू माझी वाट पाहिलीस तेव्हा मी आले नाही, आता तुला बोटीत बसायला कुठल्या तोंडाने सांगू. क्षमाही मागत नाही. ती तुझ्याकडे आहे, तुझ्या सवडीने राहू दे, किंवा राहूच दे. मला कुणी आत घेतलं नाही तरी देव मला टाकणार नाही, एवढं आता मला कळतं. ते कळल्यावरच बाकीचं करायचा धीर आला.

एकच गोष्ट मागते. रोस म्हणाली, इनांगची शाल तुझ्याकडे आहे. तीच पांघरून तू बोटीत चढलीस, आणि बाताममध्ये खोलीत तेवढीच एक गावची वस्तू आहे. ताप आला की तीच घेतेस. ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीस, रोसलाही नाही.

कबुली देताना मंडळीकडे तोंड करायचं असतं. मी करीनच. पण त्याआधी क्षणभर मला पाठ करून उभं राहायचं आहे. गावाने त्या पहाटे जे पाहिलं ते पुन्हा पाहावं: लाल शाल, काठाची पिवळी ओळ, एक पाठ. आणि मग मी वळेन, म्हणजे त्यांना तोंड दिसेल. पाळकबाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, नाटक वाटेल. वाटू दे. या गावात लोक पाठीवरूनच ओळखतात.

रोस सहा तारखेला तिकडून निघेल. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे, मीही नाहीच म्हटलं असतं. त्या वेळी खुंटीवरून घेतली तेव्हा तुला विचारलं नव्हतं. या वेळी विचारते.

तिआर्मा, तुझी शाल मला एका सकाळपुरती देशील का?

अक्कांग